उत्तर समुद्रातील कवचधारी लहान मासा आपल्या अरबी समुद्रात का नाही?

फोंडेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. त्याचे जहाज इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका बंदरात थांबले असताना तेथील उथळ आखातात कोळंबी पकडणाऱ्या होड्या त्याने पाहिल्या आणि एका होडीवर माल निवडला जात असताना कोळंबीच्या ढिगातून बाजूला काढलेल्या एका माशाची छायाचित्रे मला पाठवली. ती पाहिल्यापासून हा मासा माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून येथे विचारत आहे.

मासा बोटापेक्षा थोडा लांब आहे. डोके रुंद आणि वरून पाहता त्रिकोणी दिसते, आणि तेथून शेपटीपर्यंत अंग इतके निमुळते होत जाते की मागचा अर्धा भाग जवळपास काडीसारखा वाटतो. रंग मातकट तपकिरी असून पाठीवर गडद आडवे पट्टे आहेत. खवले कोठेही दिसत नाहीत. त्यांच्या जागी हाडाच्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक पट्टीला मधोमध कड आहे. नाकाच्या टोकाशी वर वळलेले लहान काटे आहेत, तर हनुवटीखाली बारीक तंतूंचा दाट झुपका आहे. भाच्याने तो हातात घेतला तेव्हा इतर माशांप्रमाणे तो वळवळला नाही, अंग ताठ करून तसाच राहिला, असे तो सांगतो. होडीवरच्या लोकांनी तो निरुपयोगी म्हणून परत पाण्यात टाकला.

माझे प्रश्न असे आहेत. हा मासा कोणता? तळाशी राहणाऱ्या एवढ्याशा माशाला असे कवच कशासाठी लागते? आपल्या गोव्याच्या समुद्रात त्याचा कोणी भाऊबंद आहे का? शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे, की काचेच्या टाकीत ठेवतात तो ‘सकर’ मासा हाच. मला ते पटलेले नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञान माझ्यापाशी नाही. शेवटचा प्रश्न कोणत्याही गोंयकाराला पडेल असाच आहे: हा मासा खातात का?

मत्स्यालयवाला, मडगाव

आपल्या शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो, कारण सकर मासे मी रोज विकतो. सकर हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा मासा आहे. तो गोड्या आणि कोमट पाण्यात राहतो, आणि त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस चकतीसारखे असते. त्या चकतीने काचेला चिकटून तो शेवाळ खरवडतो. आपण वर्णन केलेल्या माशाच्या हनुवटीखाली तंतूंचा झुपका आहे, चोषक चकती नाही. दोघांच्याही अंगावर हाडाच्या पट्ट्या असतात, एवढेच काय ते साम्य.

जाता जाता एक विनंती करतो. सकर मोठा झाला की लोक तो विहिरीत, तळ्यात किंवा ओहोळात सोडून देतात. कृपया असे करू नये. भारतात अनेक ठिकाणी तो मोकळ्या पाण्यात पसरला आहे आणि त्याच्या कवचामुळे कोळ्यांची जाळी फाटतात.

जुना शिक्षक, म्हापसा

फोंडेकर, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्र पाहण्याचीही गरज वाटत नाही. वर वळलेले नाकाचे काटे, हनुवटीखालचे तंतू, पाठीवरचे गडद पट्टे आणि इंग्लंडचा पूर्व किनारा या चार गोष्टी एकत्र आल्या की उत्तर एकच उरते. हा ‘पॉग’ किंवा ‘हुकनोज’ या नावाने ओळखला जाणारा मासा होय. त्याचे शास्त्रीय नाव ॲगोनस कॅटाफ्रॅक्टस असून स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ मध्ये त्याची नोंद केली होती. रशियाच्या उत्तरेचा व्हाइट समुद्र आणि आइसलंडपासून इंग्लिश खाडीपर्यंतच्या थंड पाण्यात, वाळूच्या आणि चिखलाच्या तळावर तो राहतो. थेम्ससारख्या नद्यांच्या मुखांतही तो शिरतो. त्याची लांबी फार झाली तर २० सेंटिमीटरच्या आसपास भरते, बहुतेक मासे त्याहून बरेच लहान असतात. कोळंबीच्या बारीक जाळ्यात तो हमखास सापडतो, कारण कोळंबी राहते तेथेच तो राहतो आणि तिच्या जातभाईंची पिल्लेच खातो.

ज्या कुळात तो मोडतो त्याला ॲगोनिडी म्हणतात आणि इंग्रजीत या माशांना ‘पोचर’ असे नाव आहे. रूढ वर्गीकरणानुसार या कुळात सुमारे ४७ जाती आहेत. (२०१४ मध्ये मांडल्या गेलेल्या एका नव्या वर्गीकरणात ‘सी रेव्हन’ वगैरे काही शेजारी मंडळींनाही या कुळात ओढले गेले आहे, पण आपल्या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवू.) यांतल्या बहुतेक जाती उत्तर प्रशांत महासागरात, म्हणजे जपान, रशियाचा अतिपूर्व भाग, अलास्का आणि तेथून खाली कॅलिफोर्नियापर्यंतच्या पट्ट्यात आहेत. अटलांटिक आणि आर्क्टिकच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या आहेत, आणि आपल्या भाच्याला दिसलेला मासा त्यांपैकी एक. काही जाती किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यात राहतात, तर काही हजार मीटरहून अधिक खोलीवर. ‘रॉकहेड’ नावाच्या एका बुटक्या जातीच्या डोक्यावर चक्क एक खोल खळगा असतो. तो कशासाठी, यावर शास्त्रज्ञ अजून डोके खाजवत आहेत.

आता कवचाविषयी. आपल्याला जे हाडाच्या पट्ट्यांसारखे दिसले ते खरोखरच हाड आहे. खवल्यांच्या जागी कातडीतच हाडाच्या तकटी तयार होतात, त्या अंगाच्या लांबीने ओळींत बसतात आणि प्रत्येक तकटीवर कड किंवा लहानसा काटा असतो. मासा आडवा कापला तर पुढचा भाग आठकोनी दिसतो आणि मागे शेपटीकडे कोन कमी होत जातात. हे कवच खेकड्याच्या कवचासारखे टाकून द्यावे लागत नाही. खेकडा वाढताना जुने कवच सोडतो आणि नवे कठीण होईपर्यंत लपून बसतो. या माशाच्या तकट्या मात्र जिवंत हाडाच्या असल्याने माशाबरोबरच वाढतात आणि वयाबरोबर जाड होतात. म्हणजे आयुष्यात एकही दिवस त्याला उघड्या अंगाने काढावा लागत नाही.

पण याची किंमत तो मोजतो. ताठ अंगामुळे बांगड्याप्रमाणे सबंध शरीर लहरवत पोहणे त्याला जमत नाही. त्याच्या शरीरात वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगते ठेवणारी हवेची पिशवीही नसते. हाडांचे ओझे आणि हवेची पिशवी नाही, म्हणून पोहणे थांबवले की तो तळाला जातो. त्याचे एरवीचे चालणे छातीच्या मोठ्या, पंख्यासारख्या परांवर होते: दोन-चार हात मारावेत, थोडे पुढे सरकावे आणि पुन्हा तळावर टेकावे. शेपटी तो जपून ठेवतो, जीव वाचवायची वेळ आली तरच वापरतो. पोटाकडील पर तर इतके आखूड झाले आहेत की त्यांत एक काटा आणि दोन किरण एवढेच शिल्लक राहिले आहेत.

माझ्या मते आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. कवच हा या माशाचा किल्ला आहे असे समजणे पुरेसे नाही. कॉड, हॅलिबट यांसारखे मोठे मासे त्याला कवचासकट गिळतात आणि त्यांच्या पोटात पोचर सापडतात. कवचाने संरक्षण मिळते ते अर्धवट, लहान तोंडाच्या शत्रूंपुरते. परंतु तळावर पडून राहणे, रंगाने वाळूत मिसळून जाणे, तोंड खाली ठेवून तंतूंनी गाळातील कृमीसदृश जीव आणि लहान कवचधारी प्राणी चाचपणे, आणि भक्ष्याच्या मागे कधीही न धावणे ही जी एकंदर राहणी आहे, तिच्यात वेगाची गरज जवळजवळ नाही. जेथे वेग लागत नाही तेथे जड कवच परवडते. वेगाने पोहणाऱ्या सुरमईला असे कवच दिले तर ती उपाशी मरेल.

फोंडेकर

सर, मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती. आपल्या उत्तरातून एक नवीन शंका निर्माण झाली आहे. या कुळातील काही जाती हजार मीटरहून अधिक खोलीवर राहतात असे आपण लिहिले आहे. आपल्या अरबी समुद्राचे पाणी वर कोमट असले तरी तेवढ्या खोलीवर तेही थंडच असणार. मग थंड पाणी हीच जर या माशांची गरज असेल, तर ते गोव्यासमोरच्या खोल समुद्रात का नसावेत? आणि खाण्याचा प्रश्न अजून अनुत्तरितच आहे, याची नम्र आठवण करून देतो.

होक्कायडोतून परतलेली

खाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे जपानच्या उत्तरेला, साप्पोरोत राहिलो होतो.

इंग्लंडमधला तो बोटभर मासा कोणी खात नसावे, कारण त्याच्या हाडांतून निघणार ते काय! परंतु त्याच कुळातली एक मोठी जात होक्कायडोच्या किनाऱ्यावर मिळते. पुस्तकात तिला तोकुबिरे म्हणतात, बाजारात मात्र सगळे हाक्काकू म्हणूनच ओळखतात. ती हातभर लांब असते. नराच्या पाठीवरचा मागचा पर आणि पोटाखालचा पर शिडासारखे प्रचंड वाढलेले असतात, मादीचे तसे नसतात, त्यामुळे बर्फावर ओळीने मांडलेले मासे पाहिले की नर-मादी ओळखायला क्षणही लागत नाही. गिऱ्हाईकही नरच मागतात. त्याच्या मांसात चरबी अधिक असते असे तिथल्या विक्रेत्या सांगत.

दिसायला तो इतका राकट आहे की पहिल्यांदा विकत घेताना मी विक्रेतीलाच तो कापून मागितला. तिने पाठीला हातही लावला नाही. पोटाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत चीर दिली, आतडी काढली, काळीज वेगळे ठेवले आणि मासा उलटा उघडून सपाट केला. पाठीचे कवच जसेच्या तसे राहिले, आणि आतले पांढरे मांस त्या कवचाच्या पन्हळीत वर आले. त्या मांसावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), बारीक चिरलेली कांद्याची पात आणि थोडी साखर यांचे मिश्रण पसरायचे आणि कवच निखाऱ्याकडे ठेवून मासा भाजायचा, अशी तिथली पद्धत आहे. याला ‘गुनकान-याकी’ म्हणतात. कवच करपते, पण फुटत नाही, आणि सुटलेली चरबी व मिसो खाली निखाऱ्यावर न सांडता मांसातच मुरतात. खाताना चमच्याने किंवा काड्यांनी मांस खरवडून घ्यायचे आणि कवच तसेच ताटात ठेवायचे. ताजा असेल तर कच्चेही खातात, त्याचे पातळ काप फारच नाजूक लागतात.

चव विचाराल तर घट्ट, किंचित गोडसर आणि आपल्या मुडदुशीपेक्षा अधिक तेलकट. घरी परतल्यावर रेशादचा मसाला लावून हाक्काकू कसा लागेल हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो, पण तो मासा येथे आणायचा कुणी!

दोनापावलकर

फोंडेकर यांची शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर देण्यासाठी मासा थोडा वेळ बाजूला ठेवून समुद्राकडे पाहावे लागेल. समुद्राच्या पाण्याचा अभ्यास हा माझ्या कामाचा भाग असल्याने प्रयत्न करतो.

अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वर्षभर साधारण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. खाली गेल्यावर ते झपाट्याने उतरते. हजार मीटरवर ते नऊ अंशांच्या आसपास येते आणि दोन हजार मीटरवर तीन अंशांच्या जवळ. म्हणजे थंड पाणी आपल्याकडे नाही असे नाही, केवळ ते फार खाली आहे. उत्तर समुद्रात अंगणातच मिळणारी थंडी आपल्याकडे तळघरात उतरल्याशिवाय मिळत नाही. पोचर कुळातील बहुतेक मासे भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर राहतात, आणि आपला भूखंडमंच त्यांच्यासाठी फारच उष्ण आहे. येथेच बहुतेक जाती बाद होतात.

राहिल्या खोल पाण्यातल्या मोजक्या जाती. त्यांच्या मार्गात दुसरी अडचण आहे. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही खाली प्राणवायूचे प्रमाण अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. वरच्या पाण्यात प्लवकांची, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म जीवांची, भरभरून वाढ होते, ते मेल्यावर खाली जातात, त्यांच्या कुजण्यात प्राणवायू खर्च होतो, आणि उत्तरेकडून जमिनीने बंद असलेल्या या समुद्रात ताज्या पाण्याचा पुरवठा सावकाश होत असल्याने खर्च भरून निघत नाही. हा थर जेथे खंडान्त उताराला, म्हणजे भूखंडमंचाच्या पुढे खोल उतरत जाणाऱ्या तळाला, टेकतो तेथे तळावर राहणाऱ्या माशांना जगणे कठीण जाते. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात हेच प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकून आपल्या उथळ किनाऱ्यापर्यंत येते. कांदोळीसमोरच्या समुद्रात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेतले आहेत. त्यांत असे दिसून आले आहे की पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो आणि कधी कधी कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायूही तयार होतो. पोहणारा मासा अशा वेळी दूर निघून जाऊ शकतो. हवेच्या पिशवीविना तळावर बसून राहणाऱ्या माशाला ते कितपत जमेल, याचा विचार करावा.

तथापि मी प्राणवायूला एकमेव कारण म्हणणार नाही. आपल्या खोल समुद्रातही अनेक तळवासी मासे आहेतच. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण इतिहासाचे आणि भूगोलाचे आहे. पोचर कुळाच्या जातींची गर्दी उत्तर प्रशांत महासागरात आहे, त्यावरून त्यांचे मूळ घर तेच मानले जाते. बेरिंगची सामुद्रधुनी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी उघडली आणि थंड पाण्याचा रस्ता आर्क्टिकमार्गे अटलांटिकपर्यंत मोकळा झाला. त्या वाटेने या कुळातील काही जाती पलीकडे गेल्या असाव्यात. आता जगाचा नकाशा समोर ठेवून पाहा. प्रशांत आणि अटलांटिक या दोन्ही महासागरांना उत्तरेकडे थंड समुद्राचे दार आहे. हिंदी महासागराला ते नाहीच. कराची आणि कच्छच्या थोडे वर गेले की जमीन लागते, आणि ती थेट सैबेरियापर्यंत सुटत नाही. थंड पाण्यातल्या उथळ तळावरच्या माशाला आपल्याकडे यायचे असेल तर इंडोनेशियाच्या उष्ण बेटांमधून किंवा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून यावे लागेल.

असा वळसा अजिबातच शक्य नाही असेही नाही, आणि याचा पुरावा याच कुळात आहे. ॲगोनोप्सिस चिलोएन्सिस ही जात चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पॅटागोनियाच्या थंड पाण्यात राहते. तिची भावंडे अलास्का ते कॅलिफोर्निया या पट्ट्यात आहेत आणि मध्ये हजारो किलोमीटरचा उष्ण समुद्र आहे. हिमयुगांसारख्या थंड काळात किंवा थंड, खोल पाण्याच्या आधाराने तिचे पूर्वज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने विषुववृत्त ओलांडून गेले असावेत, असे मानले जाते. त्या किनाऱ्याला उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत एकसलग भूखंडमंच होता आणि थंड प्रवाहही होते. आपल्याकडे येणाऱ्याला अशी सलग वाट नाही.

जन्माची रीतही येथे आडवी येते. भाच्याला दिसलेल्या पॉगची मादी केल्प या मोठ्या समुद्री शैवालाच्या बुडख्यातील मुळांसारख्या गुंत्यात अंडी चिकटवून ठेवते. एका मादीची अंडी दोन-अडीच हजारांपर्यंत असतात आणि ती उबायला वर्षाच्या आसपास अवधी लागतो. बांगड्यासारखी लाखो अंडी पाण्यावर सोडून द्यावीत आणि प्रवाहाने ती कोठेही न्यावीत, असा हा प्रकार नाही. पिल्ले पुढे काही काळ पाण्यात तरंगतात हे खरे, पण अंडी महिनोन्महिने एकाच जागी थंड पाण्यात राहिली पाहिजेत, आणि तशा केल्पची वने गोव्याच्या किनाऱ्यावर नाहीत.

जुना शिक्षक, म्हापसा

दोनापावलकर यांनी मांडलेला ‘बंद दारा’चा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. त्याला एक पुस्ती जोडतो, म्हणजे फोंडेकर यांच्या भाऊबंदांविषयीच्या प्रश्नाचेही उत्तर होईल.

पोचर आपल्याकडे नाहीत, परंतु ‘तळावर राहणारा, सावकाश चालणारा, हाडाच्या कवचातला लहान मासा’ ही जागा आपल्या समुद्रात रिकामी नाही. ती इतर कुळांनी घेतली आहे. उथळ, उष्ण पाण्यात सी-मॉथ नावाचे लहान मासे आहेत, भारतात मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत ते मिळतात. त्यांचे अंग कडक कड्यांचे असते, छातीचे पर आडवे पसरलेले असतात आणि पोटाखालच्या परांवर ते तळाने अक्षरशः चालतात. त्यांच्यातील एक जात अंगावरची वरची कातडी काही दिवसांनी एकसंध उतरवून टाकते, त्यामुळे अंगावर शेवाळ आणि परजीवी साचत नाहीत. खोल पाण्यात चिलखती गर्नार्ड हे कुळ आहे. केरळच्या किनाऱ्यासमोर खोल पाण्यात केलेल्या ट्रॉलिंगमध्ये ते मिळाले आहेत. त्यांच्या नाकापुढे दोन चपट्या पट्ट्या भाल्यांसारख्या पुढे आलेल्या असतात, हनुवटीखाली तंतू असतात आणि छातीच्या परांचे खालचे दोन किरण सुटे असून त्यांनी ते तळ चाचपत चालतात. पॉग आणि हा गर्नार्ड शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्यांना सख्खे भाऊ म्हणेल.

सी-मॉथचे जवळचे नाते समुद्रघोडा आणि पाइपफिश यांच्याशी आहे, पोचरचे नाते थंड समुद्रातील स्कल्पिन माशांशी. कवच प्रत्येक घराण्यात स्वतंत्रपणे आले आहे. त्यामुळे कवच हे थंडीचे लक्षण आहे, असा जो समज मूळ प्रश्नामागे थोडासा डोकावतो, तो सोडून द्यावा. कवचाचा संबंध तळावरच्या संथ राहणीशी आहे. तळ थंड आहे की उष्ण, हे त्यात दुय्यम ठरते.

कुटबणकर

आमच्या घरचा ट्रॉलरचा व्यवसाय असल्यामुळे जाळ्यात काय येते हे सांगू शकतो. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या की कोळंबीबरोबर तळाचा सगळा बारीक मासा वर येतो. त्यात डोके चपटे असलेले तळवासी मासे, लेपे, चौकोनी पेटीसारखा बॉक्सफिश आणि कधीतरी पाइपफिश किंवा समुद्रघोडा असतो. धक्क्यावर टाकाऊ मालाचा ढीग पडलेला असतो, त्यात अंगाला कड्या असलेला काडीसारखा मासा दिसला तर तो बहुधा पाइपफिश असतो. पॉगपासून तो ओळखणे सोपे आहे: पाइपफिशचे तोंड बारीक नळीचे असते, त्याला हनुवटीखाली तंतू नसतात आणि डोके रुंद नसते.

येथे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. समुद्रघोडे आणि पाइपफिश हे सबंध कुळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आहे. शोभेसाठी म्हणून वाळवून घरी नेणे, विकणे किंवा कुणाला भेट देणे हा गुन्हा आहे. जिवंत असेल तर लगेच पाण्यात सोडावा. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या खलाशांना ही गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते.

सी-मॉथ मी स्वतः आमच्या जाळ्यात पाहिलेला नाही. कुणाला मिळाल्यास वरून, बाजूने आणि पोटाकडून असे तीन फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि जागा व खोली लिहून ठेवावी. केवळ वरून काढलेल्या फोटोवरून असे मासे ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते.

फोंडेकर

सर्वांचे आभार. हा सगळा धागा भाच्याला वाचायला पाठवला आहे. त्याचा उलट प्रश्न असा, की असा एखादा पॉग काचेच्या टाकीत पाळता येईल का? मडगावच्या मित्रांनी सांगावे.

मत्स्यालयवाला, मडगाव

गोव्यात तरी नाही. या माशाला खारे आणि थंड पाणी हवे, आणि आपल्याकडे पंख्याखाली ठेवलेल्या टाकीचे पाणीही उन्हाळ्यात तीस अंशांपर्यंत जाते. ते सतत दहा-बारा अंशांवर ठेवायचे तर पाणी थंड करणारे यंत्र चोवीस तास चालू ठेवावे लागेल, वीज गेली की काही तासांत मासा दगावण्याची भीती, शिवाय काचेच्या बाहेरच्या बाजूला आपल्या दमट हवेत इतके दव साचेल की आतले काही दिसणारच नाही. त्याला जिवंत बारीक कोळंबी आणि किडे खायला द्यावे लागतील, कारण तळावर पडलेले निर्जीव दाणे असा मासा सहसा उचलत नाही. परदेशातील मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत थंड पाण्याच्या वेगळ्या टाक्यांत असे मासे ठेवले जातात. भाच्याला पुढच्या बंदरात सवड मिळाल्यास त्याने तेथे जाऊन पाहावे. तळाच्या वाळूकडे नीट पाहावे, कारण हा मासा पाण्याच्या मध्यावर दिसत नाही.